फ्रीडम ट्रेलवर जॉन हॅनकॉक शोधायचा असेल तर

बॉस्टनची फ्रीडम ट्रेल म्हणजे ४ किलोमीटर लांबीची, १६ ऐतिहासिक ठिकाणं जोडणारी लाल रेषा. अमेरिकन क्रांतीची तोंडओळख म्हणून ती उत्तम आहे आणि पहिल्यांदा बॉस्टनला जाणाऱ्याने चुकवू नये. पण जॉन हॅनकॉक या एका माणसाचं आयुष्य समजून घेण्यासाठी ती चालायची असेल, तर रेषेवर अर्धाच हॅनकॉक भेटतो. सभा गाजवणारा, गव्हर्नर झालेला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यात मोठी सही करणारा हॅनकॉक जागोजागी आहे. ज्याची गलबतं, उधारीचं जाळं आणि देवमाशाच्या तेलाचा धंदा यांवर हे राजकारण उभं राहिलं, तो पेढीवरचा हॅनकॉक रेषेवर जवळपास नाहीच. तो एका धक्क्यावर, एका गल्लीत आणि एका चित्रात आहे. ही तिन्ही ठिकाणं रेषेच्या बाहेर पडतात.

ट्रेलची कल्पना १९५१ सालची, एका स्थानिक पत्रकाराची. रेषा कुठे लाल विटांची आहे, कुठे फुटपाथवर नुसता लाल रंग आहे. ठिकाणं रस्त्याच्या सोयीने लागतात, काळाच्या क्रमाने नाहीत. हॅनकॉकच्या बाबतीत याचा त्रास जास्त होतो, कारण सुरुवातीलाच त्याची जमीन लागते, पाच मिनिटांत त्याची कबर, मग शाळा, मग भाषणाची जागा, मग शपथविधीची. आयुष्याचा क्रम डोक्यात नसेल तर या तुकड्यांची मोट बांधता येत नाही. म्हणून निघण्याआधी एवढं पाठ असू द्या.

जन्म २३ जानेवारी १७३७ चा, ब्रेनट्री गावच्या आज क्विन्सी म्हणवणाऱ्या भागात. वडील पाद्री. ते १७४४ मध्ये वारले आणि मूलबाळ नसलेल्या थॉमस काकाने मुलाला बॉस्टनला आपल्याकडे आणलं. काकाने सुरुवात पुस्तकविक्रीपासून केली होती, पण तोवर तो गावातला बडा व्यापारी झाला होता. ब्रिटिश सैन्याला रसद पुरवण्याच्या कंत्राटांवर त्याने मोठी कमाई केली. जॉन १७५४ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडला, १७६०-६१ मध्ये लंडनला पेढीच्या आडत्यांकडे राहून आला, १७६३ मध्ये भागीदार झाला आणि पुढच्याच वर्षी काका गेल्यावर वयाच्या २७ व्या वर्षी सगळ्या पेढीचा मालक. १७६८ मध्ये जकात खात्याशी उघड संघर्ष. मे १७७५ ते ऑक्टोबर १७७७ काँटिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधिसभेचा अध्यक्ष, बहुतेक काळ फिलाडेल्फियात. १७८० ते ८५ आणि पुन्हा १७८७ पासून ८ ऑक्टोबर १७९३ ला मृत्यू होईपर्यंत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. अध्यक्षपदाची अडीच वर्षं बॉस्टनमध्ये शोधू नका, ती इथे नाहीत.

ट्रेलची सुरुवात बॉस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानापासून. सबवेचं पार्क स्ट्रीट स्टेशन कॉमनच्या कोपऱ्यावरच आहे. तिथून टेकडी चढून सोन्याच्या घुमटाच्या स्टेट हाऊसपर्यंत जा. आपल्या कामासाठी इथे बराच वेळ द्यायला हवा, पण बहुतेक लोक घुमटाचा फोटो काढून पुढे जातात. ही इमारत हॅनकॉकच्या गुरांच्या कुरणावर उभी आहे. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७९५ मध्ये, ती जमीन वारसांकडून विकत घेतली गेली. त्याच वर्षी ४ जुलैला सॅम्युअल ॲडम्स आणि पॉल रिव्हिअर या क्रांतीतल्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत पायाभरणी झाली आणि १७९८ मध्ये राज्य सरकार इथे राहायला आलं. आतली मार्गदर्शित फेरी फुकट असते, पण सोमवार ते शुक्रवारच. शनिवार-रविवारी गेलात तर घुमट बाहेरूनच बघावा लागतो. दारात सामानाची तपासणी होते, मोठी बॅग नेऊ नका.

कुरणाला लागून थॉमस काकाने १७३७ मध्ये बांधलेली दगडी हवेली होती. जॉन तिथेच वाढला, राहिला आणि वारला. ती १८६३ मध्ये पाडली गेली. वाचवण्याची खटपट झाली, पण पैसे उभे राहिले नाहीत. आज तिची खूण म्हणजे बीकन स्ट्रीटवरच्या कुंपणाला लावलेली एक धातूची पाटी. स्टेट हाऊसकडे तोंड करून उभं राहिलात की डावीकडे, पश्चिमेच्या बाजूला कुंपणाने चालत जा आणि नजर कुंपणावर ठेवा. पाटी सहज नजरेतून सुटते. हवेली कशी दिसायची हे पाहायचं असेल तर न्यूयॉर्क राज्यात टायकॉन्डरोगा इथे १९२६ मध्ये बांधलेली प्रतिकृती आहे, पण तो वेगळा प्रवास झाला. या हवेलीची जागा समजून घेणं महत्त्वाचं आहे. टेकडीवर, कॉमनच्या डोक्यावर, सगळ्या गावाला दिसेल अशी ती होती. कॉमनवर जे काही जाळलं गेलं, ज्या मिरवणुका निघाल्या, १७६८ मध्ये ब्रिटिश शिपायांचे जे तंबू पडले, ते सगळं हॅनकॉकच्या खिडकीसमोर घडलं.

खाली उतरून ग्रॅनरी बरिअल ग्राउंड ही जुनी दफनभूमी. प्रवेश फुकट, दिवसा उघडं. मधोमध उंच स्तंभ दिसतो तो हॅनकॉकचा नाही. तो बेंजामिन फ्रँकलिनच्या आईवडिलांचा आहे, आणि अनेक जण तो खुद्द फ्रँकलिनचा समजून फोटो काढतात. हॅनकॉकसाठी दरवाजातून आत गेल्यावर डावीकडे, पार्क स्ट्रीट चर्चच्या बाजूच्या भिंतीकडे जा. तिथला फिकट दगडाचा उंच स्तंभ त्याचा, वर त्याचा उठावातला चेहरा आहे. स्तंभ राज्याने १८९० च्या दशकात उभारला, म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

त्याच परिसरात कबरीचा एक छोटा दगड आहे, तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यावर कोरलंय की जॉन हॅनकॉक यांचा नोकर फ्रँक, १७७१ मध्ये मरण पावला, इथे विसावला आहे. आडनाव नाही. त्या काळच्या बॉस्टनमध्ये गुलामांनाही कागदोपत्री नोकरच म्हणत आणि हॅनकॉकच्या हवेलीत काकाच्या काळापासून गुलाम होते. स्वातंत्र्याचा पुढारी आणि त्याच्या घरातला आडनाव नसलेला माणूस इतक्या जवळ दिसण्याची जागा ट्रेलवर दुसरी नाही. अक्षरं झिजलेली आहेत. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा वाचता येतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात पुसट होतात.

स्कूल स्ट्रीटवर बॉस्टन लॅटिन स्कूलची जुनी जागा फुटपाथवरच्या नक्षीने दाखवलेली आहे. हॅनकॉक इथे शिकला. इमारत नाही, दोन मिनिटं पुरतात.

ओल्ड साउथ मीटिंग हाऊस १७२९ चं. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या त्या रात्रीची, १६ डिसेंबर १७७३ ची, प्रचंड सभा इथे झाली आणि ट्रेलवर सगळा भर त्या सभेवरच असतो. हॅनकॉकसाठी तारीख वेगळी आहे: ५ मार्च १७७४. ब्रिटिश शिपायांनी १७७० मध्ये बॉस्टनमध्ये केलेल्या गोळीबाराच्या स्मृतिदिनाचं त्या वर्षीचं भाषण त्याने दिलं. तोपर्यंत तो पैसे पुरवणारा आणि जमाव गोळा करणारा माणूस म्हणून ओळखला जायचा, भाषणं करणारा म्हणून नाही. या भाषणामागे सॅम्युअल ॲडम्ससारख्या इतरांचाही हात होता असं मानलं जातं. पण ते म्हणण्याची जोखीम हॅनकॉकची होती आणि लंडनशी उधारीचे व्यवहार असलेल्या व्यापाऱ्याला ती परवडणारी नव्हती. आत गेलात तर खालच्या बाकांवर न थांबता गॅलरीकडे बघा. एवढ्या मोठ्या सभेत आवाज कसा पोचवावा लागत असेल ते लगेच कळतं. ब्रिटिश सैन्याने बॉस्टनच्या १७७५-७६ च्या वेढ्याच्या काळात इथली बाकं काढून घोड्यांचा सराव केला होता. हॅनकॉकची हवेली गमावल्याची चुटपुट गावाला लागून राहिली होती आणि १८७६ मध्ये हीच इमारत पाडायला निघाली तेव्हा लोक वेळेत जागे झाले. ओल्ड साउथ आणि पुढचं ओल्ड स्टेट हाऊस एकाच संस्थेकडे आहेत आणि एका तिकिटात दोन्ही होतात. तिकीट फेकू नका.

ओल्ड स्टेट हाऊस १७१३ चं, आजूबाजूच्या काचेच्या इमारतींत बारीकसं दिसणारं. खालून सबवे जातो. पूर्वेच्या सज्जातून १८ जुलै १७७६ ला जाहीरनामा वाचला गेला. २५ ऑक्टोबर १७८० ला हॅनकॉकने राज्याच्या नव्या घटनेखालचा पहिला गव्हर्नर म्हणून शपथ घेतली तीही याच इमारतीत. आणखी एक प्रसंग इथे आठवायला हवा, तो पाट्यांवर फारसा नसतो. ऑक्टोबर १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन बॉस्टनला आले आणि याच इमारतीला लावलेल्या तात्पुरत्या सज्जातून त्यांनी मिरवणूक पाहिली. गव्हर्नर हॅनकॉकचा हिशेब असा की राज्यात पाहुणा आला आहे, त्याने आधी गव्हर्नरला भेटावं. वॉशिंग्टन यांनी त्याच्याकडचं जेवण नाकारलं. दुसऱ्या दिवशी हॅनकॉक स्वतः त्यांच्या मुक्कामावर गेला आणि आजारपणामुळे आदल्या दिवशी येता आलं नाही असं सांगितलं. गाऊटचा, म्हणजे सांधे सुजण्याच्या आजाराचा त्रास त्याला खरोखरच होता, पण तो कधी बळावायचा याबद्दल त्याच्या काळातले लोकही शंका घ्यायचे. राज्य मोठं की संघराज्य, हा प्रश्न नव्या देशात अजून सुटलेला नव्हता आणि तो इथे मानपानाच्या रूपात दिसला.

त्याच्या आदल्या वर्षी, १७८८ मध्ये, संघराज्याची घटना मान्य करायची की नाही यासाठी राज्याची परिषद भरली. हॅनकॉक अध्यक्ष होता आणि सुरुवातीचे आठवडे गाऊटमुळे घरीच. शेवटी तो आला, दुरुस्त्यांची शिफारस करून घटना मान्य करावी असा तोडगा त्याने मांडला आणि ६ फेब्रुवारीला ठराव १८७ विरुद्ध १६८ मतांनी पार पडला. माझ्या मते हे त्याचं सगळ्यात मोठं राजकीय काम. ट्रेलवर त्याला जागाच नाही, कारण परिषद ज्या चर्चमध्ये भरली ते उरलेलं नाही. फेडरल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव त्या परिषदेवरून पडलं, एवढंच.

फॅन्युइल हॉलमध्ये वरच्या सभागृहात जा, खालचं मार्केट सोडून द्या. प्रवेश फुकट, राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर माहिती देतात. गावसभा, जकातीविरोधी ठराव, ब्रिटिश मालावर बहिष्कार हे सगळं इथे. आज दिसणारं सभागृह १८०६ मध्ये वाढवलेलं आहे, हॅनकॉकच्या वेळचं याहून बरंच लहान होतं. दुरुस्तीसाठी किंवा कार्यक्रमासाठी ते अधूनमधून बंद असतं, निघण्याआधी वेबसाइट बघा.

इथे लाल रेषा नॉर्थ एंडकडे वळते. आधी मार्शल स्ट्रीटवर या, ती जुनी गल्ली मार्केटपासून दोन मिनिटांवर आहे. क्रमांक १० चं विटांचं घर म्हणजे एबेनेझर हॅनकॉक हाऊस. मालकी जॉनची, राहायचा धाकटा भाऊ एबेनेझर. युद्धात एबेनेझर काँटिनेंटल सैन्याच्या पगारखात्यात होता आणि हे घर त्याचं कार्यालय होतं. बॉस्टनमध्ये हॅनकॉकच्या मालकीची उभी असलेली हीच एक वास्तू. ते संग्रहालय नाही, आत जाता येत नाही, दार वाजवू नका. पण खिडक्यांची उंची, विटांची जोडणी आणि गल्लीची रुंदी बघून त्या काळच्या व्यापारी वस्तीचं माप डोळ्यांत बसतं. बाकी सगळ्या ट्रेलवर ते बसत नाही, कारण आजूबाजूचे रस्ते रुंद झालेत.

तिथून पूर्वेकडे दहा-पंधरा मिनिटं चालत लुइस व्हार्फला जा. हाच जुना हॅनकॉकचा धक्का. सध्या इथे १८३० च्या दशकातली ग्रॅनाइटची इमारत, घरं, कार्यालयं आणि बंदराच्या कडेने सार्वजनिक पायवाट आहे. माहितीची पाटी फारशी नाही, म्हणून गोष्ट आपणच सोबत न्यायची. ती अशी.

पेढीचं गणित साधं होतं. नँटकेट बेटाकडून देवमाशाचं तेल आणि हाड घ्यायचं, लंडनला विकायचं. त्या जमेवर लंडनहून कापड, कागद, चहा, लोखंडी सामान मागवायचं आणि इथल्या दुकानदारांना उधारीवर द्यायचं. लंडनच्या आडत्याचा पैसा थकला की त्याची पत्रं कडक होत, दुकानदारांचा थकला की पेढी अडकत असे. नँटकेटच्या रॉच घराण्याशी तेलाच्या खरेदीत चढाओढ करताना हॅनकॉकने मोठा तोटा सोसला. काकाइतका मुरलेला व्यापारी तो नव्हता, हे मान्य करायला हवं. अशा पेढीला जकातीचा प्रत्येक नवा कायदा रोकड रकमेत लागत होता, आणि रोकडच दुर्मीळ होती.

९ मे १७६८ ला त्याचं लिबर्टी हे गलबत मडेराची वाइन घेऊन आलं. जकात भरली ती २५ पाइप वाइनवर. पाइप म्हणजे सुमारे ४७५ लिटरचं पिंप. १७६४ च्या कायद्याने दर दोन पाइपांमागे ७ पौंड, म्हणजे एकूण ८७ पौंड १० शिलिंग. गलबतात त्याहून बराच माल मावत होता, म्हणून संशय. गलबतावर पहारा ठेवलेल्या दोघांनी आधी काही गैर पाहिलं नाही असं सांगितलं. महिन्याभराने त्यातल्या एकाने जबानी बदलली: आपल्याला त्या रात्री खाली कोंडलं होतं आणि वरून माल उतरवल्याचे आवाज येत होते. १० जूनला जप्ती झाली, पण कागदावरचं कारण वाइन नव्हतंच. परतीच्या फेरीसाठी तेल आणि डांबर परवान्याआधी चढवलं, हे कारण होतं. नियम तसाच होता. बॉस्टनचा रिवाज मात्र माल चढवून झाल्यावर, निघण्याआधी कागद पुरे करण्याचा होता आणि तोपर्यंत खात्याने तो चालवून घेतला होता.

खरी ठिणगी पुढे पडली. जप्त गलबत धक्क्यावर न ठेवता रॉम्नी या ५० तोफांच्या युद्धनौकेच्या आश्रयाला ओढून नेलं. हीच नौका त्या दिवसांत बंदरातले खलाशी जबरदस्तीने नौदलात भरती करत होती. जमाव उसळला, हॅरिसन आणि हॅलोवेल या दोन जकात अधिकाऱ्यांना मार बसला, हॅरिसनची होडी कॉमनवर नेऊन जाळली. जकात आयुक्त बंदरातल्या किल्ल्यात पळाले आणि १ ऑक्टोबरला शहरात सैन्य उतरलं. हॅनकॉकवर वेगळा खटला झाला, मागणी ९००० पौंडांची, वकील जॉन ॲडम्स. मार्च १७६९ मध्ये सरकारने तो मागे घेतला. गलबत मात्र गेलंच. खात्याने ते स्वतःच्या गस्तीला लावलं आणि न्यूपोर्टच्या लोकांनी ते त्याच वर्षी जाळलं. सैन्य उतरल्यापासून दीड वर्षाच्या आत गोळीबार झाला, पाच माणसं मेली. ८७ पौंडांच्या जकातीपासून तिथपर्यंतचा रस्ता या धक्क्यावरून सरळ दिसतो, म्हणून लुइस व्हार्फ माझ्या यादीत ट्रेलवरच्या बंकर हिलच्या मनोऱ्याच्या वर आहे.

मार्गदर्शकांबद्दल. अठराव्या शतकाचा पोशाख घातलेल्या मार्गदर्शकांसोबतची दीड तासाची फेरी कॉमनपासून फॅन्युइल हॉलपर्यंत जाते. ती इमारतींच्या बाहेरून होते, आतल्या तिकिटांचा त्यात समावेश नसतो. हे न कळल्याने बऱ्याच लोकांची निराशा होते. मुलं सोबत असतील तर ही फेरी चांगली, आवाज मोठा आणि गोष्टी रंगवून सांगितलेल्या. चार गोष्टी मात्र कुणाही मार्गदर्शकाकडून ऐकल्या तरी तपासून घ्या. जाहीरनाम्यावर ४ जुलैला सगळ्यांनी सह्या केल्या हे खरं नाही. त्या रात्री छापलेल्या पत्रकावर फक्त अध्यक्ष हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांची नावं छापील होती, चर्मपत्रावरच्या सह्या २ ऑगस्टपासून झाल्या. राजाला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून सही मोठी केली, या वाक्याला त्या काळचा पुरावा नाही. अध्यक्ष म्हणून पहिली सही त्याची होती आणि मधली जागा मोकळी होती, एवढं कारण पुरतं. तो तस्करी करायचा हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही. त्या काळचे बरेच व्यापारी ती करत, त्यामुळे शंका रास्त आहे, निकाल नाही. आणि तो जाहीरनामा लिहिणाऱ्यांपैकी नव्हता.

आता चित्र. म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये अमेरिकन कलेच्या दालनात जॉन सिंगलटन कॉपलीने १७६५ मध्ये केलेलं हॅनकॉकचं चित्र आहे. मालकी बॉस्टन शहराची, ठेव म्हणून संग्रहालयाकडे. वय २८, काका जाऊन एक वर्ष झालेलं. गडद निळा कोट, सोनेरी किनार, हातात पिसाची लेखणी आणि समोर मोठी खातेवही. मागे गलबत नाही, हवेली नाही, बंदर नाही. या माणसाने स्वतःला हिशेब लिहिताना रंगवून घेतलं, यात त्याची त्या वेळची सगळी महत्त्वाकांक्षा आहे. बोटांकडे बघा: लेखणी सैल धरली आहे, दिवसभर हिशेब लिहिणाऱ्या कारकुनासारखी नाही. याच दालनात सॅम्युअल ॲडम्सचं चित्रही शोधा. ते हॅनकॉकने स्वतः करून घेतलं आणि हवेलीच्या दिवाणखान्यात लावलं होतं. साध्या तपकिरी कपड्यातला ॲडम्स आणि किनारीच्या कोटातला हॅनकॉक शेजारी ठेवून बघितले की दोघांच्या राजकारणातला फरक समजतो. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ग्रीन लाइनच्या ई फाट्याचा थांबा दारात आहे. चित्रं कधीकधी बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून संग्रहालयाच्या वेबसाइटवर चित्र सध्या दालनात आहे का ते पाहून निघा.

खातेवहीवरून एक आठवतं. १७७३ मध्ये त्याला हार्वर्डचा खजिनदार नेमलं. काँग्रेससाठी फिलाडेल्फियाला जाताना त्याने कॉलेजचे कागद आणि रोखे सोबत नेले आणि हिशेब द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. १७७७ मध्ये दुसरा खजिनदार नेमावा लागला. बाकी त्याच्या हयातीत चुकती झाली नाही, ती वारसांकडून आली. पेढीचे मूळ कागद आज हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात आहेत. ते अभ्यासकांसाठी, पर्यटकांसाठी नाहीत.

कॉप्ली स्क्वेअरजवळच्या, पूर्वी हॅनकॉक टॉवर म्हणवणाऱ्या ६० मजली काचेच्या इमारतीवर मात्र वेळ घालवू नका. ते नाव १८६२ मध्ये निघालेल्या विमा कंपनीमुळे आलं, आणि वरची गॅलरी २००१ नंतर बंदच आहे.

वेळेचा हिशेब: स्टेट हाऊस ते लुइस व्हार्फ हे अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण दोन्ही तिकिटांच्या इमारती आतून बघितल्या तर पाच तास धरा. वार बुधवार ते शुक्रवार निवडा, म्हणजे स्टेट हाऊस आणि चित्र दोन्ही जमतं. विटांचा फुटपाथ जागोजागी वर-खाली झालेला आहे, पावसात निसरडा होतो आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ गोठतो, तेव्हा तळ पक्का असलेले बूट घाला. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर बीकन हिलचा चढ आणि स्मशानातल्या अरुंद वाटा अडचणीच्या आहेत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर लेक्सिंग्टन. रेड लाइनने एलवाइफ, तिथून बस. रविवारच्या बसचं वेळापत्रक आधी बघा. हॅनकॉक-क्लार्क हाऊस हे त्याच्या पाद्री आजोबांचं घर. वडील गेल्यावर लहानगा जॉन काही काळ इथेच होता. १८ एप्रिल १७७५ च्या मध्यरात्री पॉल रिव्हिअर घोड्यावरून आला तेव्हा हॅनकॉक, सॅम्युअल ॲडम्स, लिडिया काकू आणि हॅनकॉकची वाग्दत्त वधू डोरोथी क्विन्सी याच घरात होते. रिव्हिअर 'ब्रिटिश आले' असं ओरडला नाही, हे इथे मार्गदर्शकच नीट सांगतात. ते सगळे स्वतःला ब्रिटिशच समजत होते, निरोप फौज निघाल्याचा होता. हे घर १८९६ मध्ये पाडलं जाऊ नये म्हणून रस्त्याच्या पलीकडे हलवलं आणि १९७४ मध्ये मूळ जागी परत आणलं. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं आणि हिवाळ्यात ते बहुतांशी बंद असतं. चालत थोड्याच अंतरावर बकमन टॅव्हर्न आहे. तिथे हॅनकॉकची कागदपत्रांनी भरलेली पेटी मागे राहिली होती आणि १९ एप्रिलच्या पहाटे रिव्हिअरने आणखी एकाच्या मदतीने ती उचलून फौजेच्या वाटेतून बाहेर काढली. पेटी आता वूस्टरच्या संग्रहालयात आहे, लेक्सिंग्टनला शोधू नका.

क्विन्सीत त्याच्या जन्मघराच्या जागी १८७२ ची ॲडम्स अकॅडमीची इमारत उभी आहे, तिथे स्थानिक इतिहास मंडळ आहे. रेड लाइनच्या क्विन्सी सेंटर स्टेशनपासून चालत जाता येतं. त्याच्या वडिलांनी तान्ह्या जॉन ॲडम्सचा बाप्तिस्मा केला होता, आणि ॲडम्स घराण्याची घरं याच गावात आहेत, त्यामुळे त्यांना जोडून गेलात तर फेरी फुकट जात नाही. फक्त हॅनकॉकसाठी जायचं आणि एकच दिवस असेल, तर क्विन्सी सोडा आणि लेक्सिंग्टन गाठा.